बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: रिसीव्हरच्या पोलादातली शतांश मिलिमीटर

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये नळीच्या मागे जो पोलादी सांगाडा असतो, त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी त्याच्या तोंडाशी आट्यांनी आवळलेली असते, काडतूस मागून बंद करणारा बोल्ट त्याच्या पोटात मागेपुढे सरकतो, आणि बोल्टच्या टोकाशी असलेले दोन लग, म्हणजे बाहेर आलेले पोलादी खुंट, रिसीव्हरमधल्या बैठकांमध्ये अडकले की काडतूस बंद होते. पॉइंट ३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकी मानकाने ठरवलेला कमाल दाब सुमारे ४२७ मेगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या चार हजार पटींहून अधिक आहे. काडतुसाच्या बुडाच्या आतल्या क्षेत्रफळावर हा दाब मोजला, तर बोल्टला मागे रेटणारे बल सुमारे साडेतीन टन भरते. त्यातला काही भाग काडतुसाच्या भिंती चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीला, चिकटून पेलतात. उरलेला सगळा त्या दोन लगांवर येतो.

आता समजा, दोनपैकी एकच लग आपल्या बैठकीला टेकलेला आहे आणि दुसऱ्यामागे केसाएवढी फट आहे. मग सगळे बल अक्षाच्या एका बाजूला पडते, बोल्ट आणि रिसीव्हर क्षणभर वाकतात आणि तो झटका नळीला हलवतो. गोळी नळीतून बाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो आणि हे सारे त्याच अवधीत घडते.

हे दोष दूर करण्यासाठी रिसीव्हरवर जे यंत्रकाम करतात, त्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: वाकडे ते सरळ केले की नेम सुधारतो. हिशेब करून पाहा. रिसीव्हरचा दर्शनी पृष्ठभाग, ज्यावर नळीचा खांदा टेकतो, ३४ मिलिमीटर व्यासात ०.०२५ मिलिमीटरने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या पाव भागाने तिरका असेल आणि नळी त्या तिरकेपणानेच बसली असेल, तर १०० मीटरवर गोळी सुमारे ७ सेंटिमीटर बाजूला जाईल. पण ती दर वेळी तेवढीच बाजूला गेली, तर दुर्बीण तेवढी फिरवून प्रश्न मिटतो. खरा त्रास निराळा आहे. तिरक्या पृष्ठभागावर खांदा एका कडेला आधी टेकतो, तिथे ताण साठतो, आणि नळी तापली की तो ताण आपली जागा बदलतो. चुकीचे मोजमाप सांभाळून घेता येते, बदलत राहणारे मोजमाप नाही. या कारागिरीचा सगळा खटाटोप मला याच एका कारणासाठी मोलाचा वाटतो.

काम लेथवर चालते. रिसीव्हरच्या आरपार, बोल्टच्या वाटेत, अचूक घासलेला दांडा बसवतात आणि रिसीव्हर एका पोकळ जिगमध्ये, म्हणजे पकडीच्या नळकांड्यात, पुढे चार व मागे चार स्क्रूंनी धरतात. मग डायल मारायची. डायल इंडिकेटरचे, म्हणजे बारीक फरक सुईने दाखवणाऱ्या मापकाचे, टोक दांड्यावर टेकवून चक, म्हणजे लेथची फिरती पकड, हाताने हळूहळू फिरवला की सुई डोलते. एक स्क्रू किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, पुन्हा फेरी. पुढचे टोक जुळले की मागचे बिघडते, मागचे जुळवले की पुढचे. सुई जवळजवळ स्थिर होईपर्यंत यातच बराच वेळ जातो, प्रत्यक्ष कटाई त्या मानाने लवकर उरकते. दर्शनी पृष्ठभाग, लगांच्या बैठका आणि आटे हे तिन्ही एकाच सेटिंगमध्ये कापायचे असतात, कारण रिसीव्हर चकमधून एकदा काढला की तोच अक्ष पुन्हा तंतोतंत सापडत नाही. आटे असे नव्याने कापल्यावर थोडे मोठे होतात, म्हणून नळीचे आटेही त्याच मापाने कापावे लागतात.

१९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० वर हे काम फार होते. तिचा रिसीव्हर गोल सळईतून घडवलेला असल्यामुळे तो लेथवर धरायला सोपा, आणि नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून बसणारा रिकॉइल लग, जो गोळीचा धक्का दस्त्याकडे पोचवतो, तो म्हणजे वॉशरसारखा सुटा तुकडा. त्याची दोन्ही तोंडे समांतर नसतील तर बाकीचे सगळे काम वाया जाते, म्हणून तो घासून समांतर करतात किंवा बदलतात.

बोल्टचे लग बैठकीला नीट टेकावेत म्हणून बारीक अपघर्षक लावून घासतात. त्याला लॅपिंग म्हणतात. इथे हात आवरावा लागतो. बैठकीतून जेवढे पोलाद जाते तेवढा बोल्ट मागे सरकतो आणि काडतुसामागची मोकळी जागा, म्हणजे हेडस्पेस, वाढते. शिवाय जर्मन सैन्याच्या १८९८ च्या माउझरसारख्या जुन्या रिसीव्हरचे पोलाद कमी कार्बनचे असते आणि फक्त वरची पातळ कातडी कठीण केलेली असते. ती कातडी घासली गेली की खालच्या मऊ पोलादात लग प्रत्येक गोळीबरोबर रुतत जातात.

उलट दोषही घडलेला आहे. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलचे रिसीव्हर भट्टीतल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून तापवले जात. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटल्यावर शोध घेतला गेला, तेव्हा कळले की ढगाळ दिवशी जो रंग योग्य वाटे, तोच लख्ख उन्हात दिसेपर्यंत पोलाद दीडशे अंश सेल्सियसहून अधिक जास्त तापलेले असे. असे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, आणि लेथवर कितीही अचूक कापले तरी त्याचा ठिसूळपणा जात नाही. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात क्रमांक ८,००,००० पासून आणि रॉक आयलंडच्या कारखान्यात क्रमांक २,८५,५०७ पासून उष्णतोपचाराची पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफील्ड रिसीव्हर हाती आला की जाणकार कारागीर डायल बाहेर काढण्याआधी त्यावर कोरलेला क्रमांक वाचतो, आणि तो या आकड्यांच्या खालचा निघाला तर काम घेत नाही.