स्टेप-अप कनव्हर्टर : बॅटरीवरील छोट्या उपकरणांसाठी निवड

बॅटरीचा व्होल्टेज वाढवून देणारे सर्किट. यालाच बूस्ट कनव्हर्टर म्हणतात. यातला स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते आणि तो बंद होताच ती डायोडमधून आउटपुटकडे जाते. सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारे उपकरण एका लिथियम सेलवर चालवायचे, तर हे सर्किट लागतेच. सेल देतो ४.२ ते ३ व्होल्ट, आणि आरएस-४८५ जोडणीचे (लांब वायरवरून डेटा पाठवणाऱ्या पद्धतीचे) बरेच सेन्सर मागतात १२.

हिशेब नेहमी उतरलेल्या सेलवर करावा. समजा सेन्सरला १२ व्होल्टला ६० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ०.७२ वॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ३ व्होल्टच्या सेलमधून ०.३ अँपिअर ओढला जातो. एमटी३६०८ या तयार बूस्ट मॉड्यूलच्या जाहिरातीतला '२ अँपिअर' हा आकडा आउटपुटला मिळणारा करंट म्हणून धरू नये. फसगत बहुधा इथेच होते.

बागेतले उपकरण दिवसातला बराचसा वेळ झोपलेलेच असते, म्हणून कनव्हर्टर रिकामा असताना किती खातो हे कार्यक्षमतेइतकेच महत्त्वाचे. १ मिलिअँपिअर सतत गेला तरी दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास जातात. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल साडेतीन महिन्यांत संपतो, तोही एकही नोंद न घेता. एनेबल पिन (कनव्हर्टर चालू-बंद करणारी) बंद करून भागत नाही. साध्या बूस्टमध्ये सेलचा व्होल्टेज कॉइल आणि डायोडमधून सेन्सरपर्यंत पोचतच राहतो. ते थांबवायला कनव्हर्टरच्या आधी पी-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावावा, किंवा बंद झाल्यावर आउटपुट पूर्ण तोडणारी आयसी घ्यावी. एक-दोन एए सेलच्या उपकरणाला एमसीपी१६४० चांगली, ती ०.६५ व्होल्टला सुरू होते.

नव्या मॉड्यूलचा ट्रिमपॉट (आउटपुट व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) कुठे फिरवलेला असेल याचा नेम नसतो. आउटपुट २८ व्होल्टपर्यंत चढू शकते, तेव्हा आधी मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट जुळवावेत, मगच सेन्सर जोडावा. फवारणी आणि दवाच्या जागी ट्रिमपॉटवर विसंबू नये. एमटी३६०८ चा संदर्भ व्होल्टेज (फीडबॅक पिनवर तो राखतो तो) ०.६ व्होल्ट असल्याने आउटपुट ते फीडबॅक पिन १८० आणि १० किलोओहम ओळीने, फीडबॅक पिन ते ग्राउंड १० किलोओहम, असे पक्के रेझिस्टर बसवले की १२ व्होल्ट मिळतात.

सुरू होताना आउटपुटचा कपॅसिटर भरताना झटका बसतो, सेलचा व्होल्टेज दबतो आणि उपकरणाचा मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. इनपुटला २२० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आखूड, जाड वायर हा उपाय. सेल उतरेल तसा कनव्हर्टर जास्तच करंट ओढतो, म्हणून ३ व्होल्टला तोडणारे संरक्षण हवेच.