सार्वकालिक जीवन (ख्रिस्ती), मराठवाड्यातील

येशूवर विश्वास ठेवणारा मेल्यावर देहासह पुन्हा उठवला जाईल व देवाच्या सहवासात कायमचा राहील, ही ख्रिस्ती श्रद्धा. येशूचे पुनरुत्थान हा तिचा पाया. ख्रिस्त उठलाच नसेल तर विश्वास फोल ठरतो, अशी निर्वाणीची भाषा आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (इ. स. सु. ५५) वापरली आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार या उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीचा शेवटही याच आशेने होतो. मराठवाड्यात ही श्रद्धा मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगवेगळ्या मिशनांमार्फत आली, त्यामुळे तिच्या अर्थातले युरोपीय मतभेदही सोबत आले.

मोक्षकल्पनेशी तिची तुलना नेहमी केली जाते, पण ती पुरती जुळत नाही. येथे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत नसून तीच व्यक्ती, नावागावासह, पुन्हा उभी राहणे अभिप्रेत आहे. शिवाय पैठणचे एकनाथ आणि नर्सीचे नामदेव ज्या प्रदेशाचे, तेथील श्रोत्यांपुढे वेदान्तातल्या मोक्षापेक्षा वारकरी भक्तीच अधिक होती, आणि तीत मुक्तीपेक्षा देवाची संगत व संतांचा सहवास मागण्याची रीत आहे. तुलना करायचीच तर ती या मागणीशी करणे अधिक सयुक्तिक होय.

हे जीवन केव्हा सुरू होते, याविषयी नव्या करारातच दोन सूर आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात ते येणाऱ्या युगात मिळणारे आहे (१०:३०). योहानात मात्र विश्वास ठेवणारा आताच मरणातून जीवनात पार गेलेला आहे (५:२४). दोन्ही मिळून, आरंभ आज व पूर्णता शेवटी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मृत्यू आणि अंतिम पुनरुत्थान यांच्यामधल्या काळाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. पौल मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हणतो. पण तोच फिलिप्पैकरांना लिहिताना येथून सुटून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा व्यक्त करतो (१:२३), त्यामुळे आत्मा तोवर निद्रिस्त असतो की जागा, हा वाद उद्भवला. पोप बारावा बेनेडिक्ट याने १३३६ मध्ये निर्णय दिला, की शुद्ध आत्म्यांना अंतिम न्यायाची वाट न पाहता देवदर्शन घडते. ज्यांची शुद्धी बाकी आहे त्यांच्यासाठी शुद्धिस्थान असल्याचे फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५६३) या परिषदांनी ठरवले. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) पंथाच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्या कलमाने (१५७१) शुद्धिस्थान नाकारले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने (१६४६) आत्म्याची निद्रा आणि मृतांसाठी प्रार्थना, दोन्ही अमान्य केली.

हे सगळे पक्ष निजामाच्या राज्यात शेजारी शेजारी येऊन बसले. जालना ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी. तेथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीचे नारायण शेषाद्री यांनी काम उभारले. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींचा बाप्तिस्मा मुंबईत १८४३ मध्ये झाला आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. जालन्यातील कामाचा आरंभ त्यानंतरच्या दशकात केव्हातरी धरावा. दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली (सु. १८७०). न्यूयॉर्क येथे १८७३ साली भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेलाही ते उपस्थित होते. १८९१ मध्ये ते निवर्तले. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेतर्फे रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी धर्मोपदेशक होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी प्रमुख माणूस गोरा नव्हता, ही गोष्ट मिशनांच्या सर्वसाधारण इतिहासात हरवते. कॅथलिक काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या साव्हॉय भागातून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरींनी वैजापूर-गंगापूर पट्ट्यात रुजवले. घोगरगाव हे त्याचे जुने केंद्र.

नवख्रिस्ती बहुसंख्येने मांग व महार समाजांतले होते. ते जमीन, शाळा व दुष्काळी मदत यांसाठी आले, असा एक पक्ष आहे. मिशनवृत्तांत सारे श्रेय श्रद्धेला देतात. बेथेल १८७६–७८ च्या दुष्काळाआधीचे असल्याने निदान तेथल्या पहिल्या कुटुंबांना दुष्काळाचे कारण लागू पडत नाही. जमिनीचे पडू शकते. दुसरी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. या समाजांत मृतांना पुरण्याची चाल बरीच आधीपासून होती, तेव्हा ख्रिस्ती दफनात खड्डा नवा नव्हता, त्यावर म्हटले जाणारे शब्द नवे होते. जो देह गावाने विटाळाचा मानला तोच गौरवाने उठवला जाईल, या वचनाचे वजन केवळ लाभहानीच्या हिशेबात मोजता येत नाही.

दफनविधी पंथांनुसार थोडाफार बदलतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक ‘मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ’ म्हणत पेटीवर माती टाकतो आणि पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेने देह भूमीस सोपवतो. हे शब्द अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातून (१६६२) आले आहेत. मागोमाग घरचे व मंडळीतले लोक मूठमूठ माती देतात. ‘प्रभूमध्ये निजला’ असे मृताविषयी सर्रास म्हटले जाते, आत्म्याची निद्रा अमान्य असलेल्या घरांतही. कॅथलिक धर्मग्रामांत मृतासाठी मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) सांगितला जातो आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरी साफ करून, फुले वाहून, मेणबत्त्या लावून प्रार्थना होते. प्रॉटेस्टंट कुटुंबे कबरींची निगा राखतात, मात्र मृतासाठी विनंती करीत नाहीत. प्रार्थना मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदे शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) मिशनाकडून आली आणि सर्वत्र रुळली.

अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. अलीकडच्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांत भर रोगमुक्ती व ख्रिस्ताचे पुनरागमन यांवर असतो. मृत्यू व पुनरुत्थान यांमधल्या काळाचा प्रश्न तेथे क्वचितच निघतो.