हरळी, दूर्वा की बर्म्युडा? पुण्यातल्या गोल्फच्या गवताची पार्श्वभूमी

भारतात गोल्फ १८२९ साली कोलकात्यात रुजला. पुण्यात तो छावणीसोबत आला. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा मुक्काम पावसाळ्यात गणेशखिंडीत असे, म्हणजे माळ आपोआप हिरवा होण्याच्याच दिवसांत. बाकीचे आठ महिने गवत जगवायला पाणी कुठलं? देशातल्या कोरड्या भागांत त्यामुळे चेंडू ज्यात घालवायचा त्या खळग्याभोवती गवतच नसे. वाळूत तेल मिसळून ती चोपून बसवत आणि त्या जागेला ‘ब्राऊन’ म्हणत. स्वातंत्र्यानंतरही लष्करी मैदानांवर ब्राऊन बरीच वर्षं टिकले.

ब्राऊनची ‘ग्रीन’, म्हणजे खळग्याभोवतीची आखूड गवताची जागा, झाली ती ‘बर्म्युडा’ गवतामुळे, असं सांगतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. शेतकरी उन्हाळ्यात नांगरटीमागून जिच्या काशा (जमिनीत पसरणारी खोडं) वेचून जाळतो, तिच्याच काशा गोल्फवाले विकत घेऊन लावतात! अर्थात ग्रीनवरची हरळी बांधावरची नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पानाच्या भावकीशी संकर झाला. १९६५ साली आलेली ‘टिफड्वार्फ’ त्याच वंशातली. ती बी धरत नाही, त्यामुळे काशाच लावाव्या लागतात. त्यात साध्या हरळीची एखादी काशी घुसली, की काही महिन्यांत ग्रीनवर खरबरीत ठिगळं दिसू लागतात. तेव्हा मात्र माळी तिला ‘देशी’ म्हणून उपटतो. नाव बदललं की दर्जा बदलतो, हे गवतालाही चुकलेलं नाही.

दुसरा बदल जमिनीखालचा. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून १९६० साली अमेरिकेत ग्रीनचा एक आराखडा मांडला गेला: खाली १० सेंटीमीटर खडी, वर ३० सेंटीमीटर वाळूचा थर. पुण्याच्या काळ्या मातीला याची फार गरज होती. पावसात ती चिकट होते, उन्हात भेगाळते.

ऋतूंचं गणितही इथे उलटं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर हिरवंगार असतं, तेव्हा ग्रीन मात्र रोडावते. हरळीला पाण्यापेक्षा ऊन प्यारं. आठवडाभर आभाळ भरून राहिलं की ती विरळ होते, शेवाळ धरते. लव्हाळ्याचं तण याच दिवसांत माजतं, हुमणीची अळी मुळं कुरतडते. ग्रीनला भोकं पाडून वर वाळू पसरायचं मोठं काम म्हणून मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात उरकलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते, त्या वेळी केलेली जखम लवकर भरून येत नाही.

अलीकडे वाद आहे तो पाण्याचा. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. चर्चा क्रिकेटच्या खेळपट्ट्यांची झाली. त्याहून कितीतरी मोठ्या गोल्फच्या मैदानांकडे फारसं कुणी बोट दाखवलं नाही. पाण्याच्या या वादाला उत्तर म्हणून प्रक्रिया केलेलं सांडपाणी पुढे केलं जातं. ते योग्यच, पण त्यात क्षार जास्त असतात आणि उन्हाळाभर ते मुळांशी साचत जातात. ते धुऊन काढायला पुन्हा गोडं पाणीच लागतं, नाहीतर जूनच्या पहिल्या दमदार सरींची वाट पाहावी लागते.