स्वस्त फुल फ्रेम कॅमेऱ्याचं गणित : पार्श्वभूमी

‘हजार डॉलरात फुल फ्रेम द्या’, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असलेला कॅमेरा द्या, ही मागणी सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणाऱ्या डिजिटल एसएलआरइतकीच जुनी आहे. २००३ मध्ये कॅननचा ईओएस ३००डी आला, बॉडीची (लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्याची) किंमत ८९९ डॉलर. हजाराच्या आत आलेला तो पहिला डिजिटल एसएलआर, पण त्यात क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर होता. ३६ × २४ मिमीचा सेन्सर हवा असेल तर त्याच कंपनीचा १डीएस घ्यावा लागे, आणि त्याला सुमारे आठ हजार डॉलर पडत. एका १डीएसच्या पैशात जवळजवळ नऊ ३००डी आले असते.

फिल्मच्या काळात ही भानगडच नव्हती. १९२५ मध्ये लायकाने रूढ केलेली ३६ × २४ मिमीची चौकट गरिबाच्या आणि श्रीमंताच्या कॅमेऱ्यात सारखीच होती. रोल तोच, फरक लेन्सचा आणि हाताचा. डिजिटलमध्ये ‘फिल्म’ कॅमेऱ्यासोबतच विकत घ्यावी लागू लागली आणि ती किती मोठी मिळणार, हे कंपनी ठरवू लागली.

२००५ चा ईओएस ५डी ३,२९९ डॉलरला आला आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी तो उचलून धरला. पण ‘आणखी खाली का येत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर पुढच्या वर्षी कॅननच्याच एका तांत्रिक टिपणातून मिळालं, आणि त्या उत्तराने पुढची दहा-बारा वर्षं वादाला पुरेल एवढं इंधन पुरवलं. टिपणाचा मुद्दा असा: आठ इंची सिलिकॉन वेफरवर (चिपा जिच्यातून कापतात त्या गोल चकतीवर) एपीएस-सी, म्हणजे नेहमीच्या क्रॉप आकाराचे सुमारे २०० सेन्सर निघतात, थोडे मोठे एपीएस-एच ४६ च्या आसपास, आणि फुल फ्रेम फक्त २०. शिवाय एवढ्या मोठ्या चिपची आकृती एका दमात छापता येत नाही, तीन वेळा छापून जोडावी लागते. एखादा कण कुठे पडला की अख्खी चिप बाद. थोडक्यात, फुल फ्रेम सेन्सर तिप्पट-चौपट नव्हे, दहापट, वीसपट किंवा त्याहूनही महाग पडतो.

हे आकडे इतक्या वेळा उद्धृत झाले की ते कोणी पुन्हा मोजायच्या फंदात पडेना. मोजून बघण्यासारखे मात्र आहेत. आठ इंची वेफरचं क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मिमी. कॅननचा एपीएस-सी सेन्सर २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे ३३२ चौरस मिमी. कडांची नासाडी शून्य धरली तरी भागाकार ९४ येतो. मग २०० कुठून आले? गोल वेफरमधून चौकोनी चिपा कापताना कडेला वाया जाणारा भाग सोडला तर प्रत्यक्षात ऐंशीच्या घरात बसतील. फुल फ्रेमचे २० आणि एपीएस-एचचे ४६ मात्र हिशोबात बसतात. तिन्हींपैकी एकच आकडा फुगलेला, आणि नेमका तोच, ज्यावर ‘दहापट’ उभं आहे.

आता कणांचा हिशोब. समजा एका वेफरवर वीस दोष इकडे-तिकडे विखुरले आहेत. ऐंशी लहान चिपांतल्या ६५ च्या आसपास वाचतील, वीस मोठ्यांतल्या अकरा-बारा. म्हणजे एका चांगल्या फुल फ्रेम सेन्सरचा खर्च लहानाच्या साडेपाच पट. तीनदा छापण्याचा खर्च वर धरला तरी वीसपट गाठणं कठीण. सेन्सर महाग होता याबद्दल वाद नाही. तो कायमच अशक्यप्राय महाग राहील, हे चित्र मात्र कंपनीच्या सोयीचं होतं. तेव्हा कमी किमतीत फुल फ्रेम विकणाऱ्यांत तिला टक्कर देणारं कोणी नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती.

स्पर्धक आल्यावर चित्र भराभर पालटलं. २००८ मध्ये निकॉन डी७०० आणि सोनी अल्फा ९०० दोन्ही ३,००० डॉलरला आले. त्याच्या पुढच्या वर्षी सोनीने जे केलं ते या सगळ्या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे, तरी फारसं कोणाच्या लक्षात नाही. अल्फा ८५० मध्ये अल्फा ९०० चाच २४.६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, बॉडीही जवळपास तीच. सेकंदाला पाच फोटोंऐवजी तीन, व्ह्यूफाइंडरमध्ये १०० ऐवजी ९८ टक्के चौकट, आणि किंमत थेट हजार डॉलरने कमी. सेन्सर तोच ठेवून हजार डॉलर उतरवता येत असतील, तर किंमत सेन्सर ठरवत नव्हता, हे उघड आहे. २०१२ मध्ये निकॉन डी६०० आणि कॅनन ६डी २,१०० च्या आसपास आले. २०१३ मध्ये सोनी ए७ ने आरसा आणि पेंटाप्रिझम (आरशातली प्रतिमा डोळ्यापर्यंत नेणारा लोलक) काढूनच टाकले आणि १,७०० वर आला. मोठ्या चौकटीसाठी मोठा आरसा, मोठं प्रिझम आणि त्यांची सूक्ष्म जुळणी हा खर्चाचा एक अख्खा कप्पाच अशा बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांमुळे रिकामा झाला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनन आरपी १,२९९ डॉलरला आला. सेन्सर नवा नव्हता, २०१७ च्या ६डी मार्क २ च्याच वळणाचा, म्हणजे त्याच्या विकासाचा खर्च आधीच वसुलीला लागलेला. बॅटरी छोटी, एका चार्जमध्ये अधिकृत मापाने २५० फोटो. फोरके व्हिडिओ कापलेल्या चौकटीतून. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण जुनी मागणी पूर्ण झाली ती इथेच. अमेरिकेतली महागाई धरली तर २००३ चे ८९९ डॉलर म्हणजे २०१९ चे साधारण साडेबाराशे. ३००डी आणि आरपी यांच्या किमतीत खरा फरक पन्नासेक डॉलरचाच उरला होता. आपल्याकडे डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी त्याच वर्षी १ जानेवारीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मुहूर्तही बरा साधला.

तेव्हा स्वस्त बॉडी शक्य आहे का, हा प्रश्न संपलेला आहे. आता प्रश्न आहे तो गिऱ्हाइकाचा आणि लेन्सचा. २०१२ मध्ये जगभरात लेन्स बदलता येणारे दोन कोटींहून जास्त कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये ५३ लाख. नवशिका फोनवर खूश आहे. आरपी यायच्या महिनाभर आधीच एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी एका जपानी दैनिकाला सांगितलं होतं की बाजार दोन वर्षांत निम्म्यावर येईल. अशा बाजारात बॉडी कमी नफ्यात देऊन लेन्सवर कमवायचं म्हटलं, तर बॉडी घेणारा पुढे लेन्स घेणारा असावा लागतो, आणि किटवरच (बॉडीसोबत मिळणाऱ्या लेन्सवरच) थांबणारा नवशिका तसा क्वचितच असतो.

किट लेन्सचं उदाहरण बघा. २०२३ चा कॅनन आर८ बॉडीपुरता १,४९९ डॉलरला आला. त्याच्यासोबतची किट लेन्स २४-५० मिमी, एफ ४.५-६.३ (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). हलकी, स्वस्त आणि अंधारी. आता १.५ क्रॉपच्या (सेन्सरची बाजू दीडपट लहान असलेल्या) एखाद्या साध्या बॉडीला सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ लावली, तर ती फुल फ्रेमच्या हिशोबात २७-७५ मिमी एफ ४.२ सारखी वागते. म्हणजे सेन्सर लहान असूनही फोटोत एकूण प्रकाश जास्त येतो, पोहोचही लांबची मिळते. मोठ्या सेन्सरचे पैसे मोजले आणि अंधाऱ्या लेन्सने ते वाया घालवले, असा तो व्यवहार होतो. ५० मिमी एफ १.८ सारखी दोनशे डॉलरच्या आसपासची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेतली तर फुल फ्रेमचा फायदा दिसतो, पण किटवाला ती घेतोच असं नाही. दुकानदारही त्याला आधी बॅग आणि कार्ड विकतो.

कंपन्यांनाही हे कळलेलं दिसतं. निकॉनचा झेड५ २०२० मध्ये १,४०० डॉलरला आला होता. २०२५ मध्ये त्याचा उत्तराधिकारी झेड५ २ आला तो १,७०० ला. कामगिरीत तो आधीच्यापेक्षा बराच पुढे आहे, पण खालच्या पायरीची उंची वाढली आहे. हजाराच्या आसपासची जागा आता नव्या मॉडेलसाठी राखलेली नाही. तिथे जुनी मॉडेलं सवलतीत उतरवली जातात, आणि त्यांच्याही खाली सेकंडहँडचा बाजार आहे, जिथे वापरलेला ६डी नव्या क्रॉप बॉडीशी आजही टक्कर घेतो.