आत्मिक युद्ध

पाप, मोह आणि सैतान यांच्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने प्रार्थना, देववचन व आज्ञापालन यांच्या बळावर जन्मभर चालवायची लढाई म्हणजे आत्मिक युद्ध. मुख्य आधार इफिसकरांस पत्र ६:१०-१८ हा उतारा. त्यातले बारावे वचन आधी पक्के करावे : आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही. शेजारी, जाऊ, भाऊबंद, दुसऱ्या धर्माचा माणूस यांपैकी कोणीही या युद्धातला शत्रू नव्हे. हे निसटले की पुढचे सगळे चुकते.

मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळ्या निजामाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकात रुजल्या, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. आज इथे कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि घरगुती सभा भरवणाऱ्या पेंटेकॉस्टल अशा मंडळ्या आहेत. आजूबाजूला करणी, भानामती, अंगात येणे यांची भीती जुनी असल्याने ‘आत्मिक युद्ध’ म्हटले की पुष्कळांना भूत काढणेच आठवते. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा भर मात्र ‘टिकून उभे राहा’ यावर आहे.

त्याने सांगितलेली शस्त्रसामग्री रोमी सैनिकाची आहे : सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण म्हणजे छातीचे चिलखत, शांतीच्या सुवार्तेचे पायतण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार म्हणजे देवाचे वचन. कमरबंद आधी येतो, तेव्हा खोटे बोलणे चालू ठेवून बाकीचे चढवता येत नाही. ढालीसाठी मूळ ग्रीक शब्द दारासारख्या मोठ्या ढालीचा आहे. लाकडाच्या थरांवर चामडे मढवलेली अशी ढाल शेजारच्या ढालीला भिडवून रांग उभी करत. आज्ञाही मुळात अनेकवचनी आहेत. मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही असल्याने वाचणारा त्या एकट्यावर घेतो आणि एकटाच लढायला जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची संगत कित्येक महिने तुटते. निघण्यापूर्वीच टोळीतल्या दोन-तीन घरांनी रोजच्या प्रार्थनेची वेळ ठरवलेली बरी.

रोजची लढाई साधी दिसते आणि तिथेच बहुतेक हार होते. बांधावरून भावाशी बोलणे तुटले, तर इफिसकरांस ४:२६-२७ लागू होते : सूर्य मावळण्यापूर्वी राग संपवा, सैतानाला वाव देऊ नका. जमिनीचा हक्क सोडा असे ते सांगत नाही. मोजणी, तलाठी, कोर्ट यांचा मार्ग मोकळाच आहे. मनातला सूड मात्र त्या दिवशीच नाव घेऊन देवापुढे मांडायचा, आणि आपल्याकडून चूक झाली असेल तर स्वतः जाऊन कबूल करायची.

वचन कसे वापरावे हे सैतानाने घेतलेल्या येशूच्या परीक्षेतून (मत्तयाचे शुभवर्तमान, अध्याय ४) दिसते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर आलेल्या तिन्ही मोहांना त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले नेमके वचन दिले. सैतानानेही स्तोत्र ९१ मधले वचन उच्चारले होते. म्हणून संदर्भ सोडून वचन फेकणे धोक्याचे. आपला नेहमीचा मोह एक ओळखावा, त्याला लागू पडणारे एक वचन आगेमागेच्या ओळींसह पाठ करावे आणि मोहाच्या क्षणी मोठ्याने म्हणावे. बायबल उशाखाली ठेवणे, क्रूस ताइतासारखा बांधणे हा जुन्या गंड्यादोऱ्याचाच नवा अवतार आहे.

उपास पहिल्यांदा करणाऱ्याने एकच जेवण सोडावे आणि तो वेळ प्रार्थनेला द्यावा. पाणी सोडू नये, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात रानात राबणाऱ्यांनी. गरोदर बाई, लहान मुले, इन्सुलिन घेणारे यांनी अन्नाचा उपास करूच नये. सोडताना ताक, मुगाची पातळ खिचडी असे हलके घ्यावे.

एखाद्याच्या ‘अंगात येते’ म्हणून बोलावले, तर आधी डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करावी. अपस्मार, तीव्र नैराश्य, भास होणारे आजार, कधी घरातली मारहाण असे काहीही मागे असू शकते. प्रार्थना दोन-तीन प्रौढांनी, घरच्यांसमोर, दार उघडे ठेवून, आणि बाई असेल तर बाईच्या सोबतीने करावी. ओरडणे, मारणे, बांधणे, भुताचे नाव विचारत बसणे यांना जागा नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘बरा झाला’ म्हणून गोळ्या बंद करणे; अनेक आजार त्यामुळे उलटतात आणि दोष माणसाच्या विश्वासाला दिला जातो. कॅथलिक मंडळीत विधिपूर्वक भूतनिरसन बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये. मानसिक त्रासासाठी सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

प्रार्थनेनंतरचे आठवडे महत्त्वाचे असतात. मत्तय १२ मधला अशुद्ध आत्मा झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात आणखी सात घेऊन परततो. म्हणून त्या माणसाला रविवारच्या उपासनेला सोबत नेणारे, औषधाची वेळ पाहणारे आणि शेतीच्या कामात हात लावणारे एक घर मंडळीने आधीच नेमून ठेवावे.