अंगणवाडी सेविका व्हायचंय? आधी काम समजून घ्या, मग कागद जुळवा

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस भरतीची जाहिरात निघाली की तिचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो आणि सेतू केंद्रावर गर्दी सुरू होते. मराठवाड्यात हे साहजिकच आहे. बारावी झालेल्या लेकी-सुनांना गावातच राहून, घर न सोडता मिळणारी कामं मोजकीच असतात. पण कागदांच्या धावपळीत एक प्रश्न मागेच राहतो, की या पदावर बसून नेमकं करायचं काय? खिचडी शिजवून घेणं, रजिस्टर भरणं आणि लेकरं सांभाळणं एवढंच काम असल्याचा समज अजूनही पक्का आहे. तसं नाही. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांची सेविका ही पहिली शिक्षिका असते. म्हणून आधी वर्गातलं काम सांगते आणि मग अर्जाकडे वळते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, पूर्वशालेय शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास लेकराला किंवा आईला पुढच्या दवाखान्यात पाठवणं). कागदोपत्री शिक्षण पहिल्यापासून होतं, प्रत्यक्षात मात्र ते आहाराच्या मागे पडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडी त्यात आली. पुढे १० मे २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा. महाराष्ट्राचा स्वतःचा ‘आकार’ हा अभ्यासक्रमही अंगणवाड्यांमध्ये वापरात आहे.

आधारशिलेत वर्षाचे ४८ आठवडे आखून दिले आहेत. पहिले ४ आठवडे लेकरू रुळण्यासाठी, ३६ आठवडे प्रत्यक्ष शिकण्यासाठी आणि ८ आठवडे उजळणीसाठी. पहिल्या चार आठवड्यांना मी फार महत्त्व देते. आईचा पदर सोडून पहिल्यांदा बाहेर आलेलं तीन वर्षांचं लेकरू रडणारच. त्याला ‘गप बस’ म्हणून कोपऱ्यात बसवलं तर पुढचे ४४ आठवडे वाया जातात. आईला थोडा वेळ आत बसू द्यावं आणि लेकराला त्याच्या घरातल्या नावाने हाक मारावी.

मग वर्गात करायचं काय? सकाळी गोल करून गप्पा, गाणं, हालचालीचा खेळ, गोष्ट, हाताने करायचं काही आणि बाहेरचा मोकळा खेळ. त्यासाठी बाजारातलं साहित्य नसलं तरी अडत नाही. एका परातीत चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि छोटे खडे एकत्र करून द्या. लेकरं आपोआप वेगळे करायला लागतात. कुणी रंगावरून करतं, कुणी आकारावरून. तेव्हा ‘हे इकडं का ठेवलंस?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. एक चिंचोका, एक खडा, एक चिंचोका अशी ओळ मांडून ‘आता पुढं काय येईल?’ विचारलं की गणित सुरू झालंच. (तीन वर्षांखालचं लेकरू जवळ असेल तर ही परात काढायचीच नाही. बी नाकात किंवा घशात गेली तर दवाखाना गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो.)

पाटीवर ‘क’ गिरवून घेण्याची घाई मात्र करू नये. पालकांचा आग्रह असतो, हे खरं आहे. ‘शेजारच्या इंग्लिश स्कूलातलं पोरगं एबीसीडी लिहितं, आमचं नुसतं खेळतं’ असं आया तोंडावर बोलतात. त्यांना बैठकीत नीट समजावून सांगणं हा कामाचाच भाग आहे. पीठ मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं यांतून बोटांत बळ येतं आणि लिहिणं त्यानंतर येतं. परीक्षेचंही तेच. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने या वयासाठी चाचण्या आणि परीक्षा पूर्णपणे अयोग्य ठरवल्या आहेत. लेकरू काय करतं, काय बोलतं, कुणाबरोबर खेळतं हे पाहून नोंद ठेवायची.

भाषेचा मुद्दा मराठवाड्यात विशेष आहे. तांड्यावरचं लेकरू आईला ‘याडी’ म्हणतं, देगलूर-उदगीरच्या सीमेवर घरात कानडी असते, धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, शहरांच्या जुन्या वस्त्यांत उर्दू-दखनी, किनवट-माहूर भागात गोंडी-कोलामी. अशा लेकराला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीत बोलायला लावलं की ते तोंडच उघडत नाही. त्याच्या भाषेतली दोन गाणी सेविकेला यायला हवीत. जाहिरातीतली अटही याच विचाराची आहे: अंगणवाडीतली निम्म्याहून अधिक लेकरं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तर उमेदवाराला मराठीबरोबर ती भाषाही यायला हवी.

वागणुकीचे काही नियम न मोडण्याचे आहेत. मारणं, चिमटे, अंधाऱ्या खोलीची भीती, जातीवरून वेगळं बसवणं, शिळं किंवा उरलेलं वाढणं यातलं काहीही चालत नाही. लेकरांशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे, मग गावातला कितीही मोठा माणूस त्यात असो. लेकरांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. कोणाचं लेकरू कुपोषित आहे याची चर्चा पाणवठ्यावर करायची नाही, हेही शिस्तीतच येतं.

ऊसतोडीच्या भागात आणखी एक जबाबदारी असते. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि लेकरं कोयत्याबरोबर जातात. टोळी निघण्याआधी वजन-उंची मोजून घ्यावी, लसीकरण कार्ड आईच्या हाती द्यावं आणि पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करावी, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत आहार मिळायला मदत होते. मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं लेकरू सगळं विसरलेलं असतं. त्याला पुन्हा रुळायला वेळ द्यावाच लागतो.

आता पात्रता. सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना किमान बारावी उत्तीर्ण ही अट २०२३ पासून लागू झाली. आधी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून अर्ज करू नका. वय १८ ते ३५ आणि विधवा उमेदवारांना ४० पर्यंत सवलत. नवऱ्याने टाकलेल्या बायकांनाही ही सवलत मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांची परवड विधवांपेक्षा कमी नसते. पद फक्त महिलांसाठी आहे आणि दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं नसावीत.

सगळ्यात जास्त वाद होतो तो रहिवासाच्या अटीवर. ग्रामीण भागात उमेदवार त्याच महसुली गावची (महसूल नोंदीतल्या स्वतंत्र गावची) रहिवासी असावी लागते. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. ग्रामपंचायत एकच असली म्हणून शेजारच्या गावची बाई पात्र ठरत नाही. तांडा किंवा वस्ती कोणत्या महसुली गावात मोडते, हे तलाठ्याकडून आधी पक्कं करून घ्या. शहरी प्रकल्पात हद्द कशी धरली आहे ते जाहिरातीत दिलेलं असतं.

हे पद मानधनाचं आहे, पगाराचं नाही, हे मनाशी स्पष्ट असू द्या. २०२४ च्या वाढीनंतर सेविकेचं मानधन दरमहा १३,००० रुपये आणि मदतनिसाचं ७,५०० रुपये झालं. कामानुसार प्रोत्साहन भत्ता वेगळा. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला आहे. एवढ्या मानधनात एवढं काम मागणं अन्यायाचं आहे, असं मलाही वाटतं आणि संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आल्या आहेत. पण अर्ज करताना आजचा आकडा धरूनच घरचा हिशोब मांडा.

कागदांमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड., बी.एड. किंवा एमएस-सीआयटी झालं असेल तर त्याची गुणपत्रकं जोडा. विधवा असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला, अनाथ असल्यास महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र, मागास प्रवर्गातल्या असल्यास जातीचा दाखला आणि आधी सेविका किंवा मदतनीस म्हणून काम केलं असल्यास अनुभवाचा दाखला. यांचे जादा गुण असतात. मुदतीनंतर आणलेला कागद धरत नाहीत, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता फाईल आताच तयार ठेवा.

खरी अडचण लग्न झालेल्या मुलींची होते. बारावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डवर सासूने सांगितलेलं तिसरंच. छाननीत अर्ज इथेच अडकतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा यावरचा सरळ उपाय. नोंदणी राहिली असेल तर गावात ती ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) होते. लग्नाला किती वर्षं झाली म्हणून लाजू नका. नावात आणखीही फरक असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या.

जातीच्या दाखल्याला वेळ लागतो आणि लग्नानंतरही तो वडिलांकडच्या कागदांवरच निघतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखांचा, म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधीपासून कुटुंब इथेच राहत असल्याचा, पुरावा पाहतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने आजोबा-पणजोबांचे शाळेचे किंवा जमिनीचे कागद उर्दूत वा मोडीत सापडतात. ते जाणकाराकडून मराठीत करून घ्यायला लागतात आणि असा जाणकार प्रत्येक तालुक्यात मिळत नाही. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर भावाला आजच कामाला लावा.

गुणपत्रक हरवलं असेल तर दुय्यम प्रत विभागीय मंडळातून मिळते. लातूर, नांदेड आणि धाराशिवसाठी लातूर मंडळ, उरलेल्या पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर मंडळ.

अर्ज ग्रामीण भागात तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि शहरात नागरी प्रकल्पाच्या कार्यालयात जातो. तो समक्ष द्यायचा की ऑनलाइन भरायचा, हे जाहिरातीत पाहा. समक्ष दिला तर पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका आणि पोचेवर जोडलेल्या कागदांची संख्या लिहून घ्या. सेविकेची जागा रिकामी झाली की आधी तिथल्या पात्र मदतनिसाचा विचार होतो, त्यामुळे दरवेळी जाहिरात निघेलच असं नाही.

निवड गुणांवर होते. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. सगळ्यात मोठा वाटा बारावीच्या टक्क्यांचा. हे मला पूर्णपणे पटत नाही, कारण लेकरांशी बोलता येतं का, गोष्ट सांगता येते का, हे टक्क्यांत दिसत नाही. पण याचा एक मोठा फायदा आहे: कुणाच्या शिफारशीला जागा उरत नाही. ‘साहेबांशी बोलून देतो, एवढे द्या’ म्हणणारा माणूस गावात फिरतोच. त्याच्या हातात काहीही नसतं. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवा. गुणवत्ता यादी लागली की आपलेच नाही, वरच्या नावांचेही गुण आणि रहिवास पाहा. हरकत असल्यास दिलेल्या मुदतीत, लेखी आणि पुराव्यासह द्या. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळतं. ‘पोषण भी पढाई भी’चं सेविकांसाठीचं प्रशिक्षण तीन दिवसांचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे. संधी आली की सोडू नका. पुढे बालवाडी शिक्षिका म्हणून पूर्ण पात्रता हवी असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका आहे. तिला बारावीत ५० टक्के लागतात.

रुजू होताना चार्ज डोळसपणे घ्या. साठा रजिस्टरमध्ये लिहिलेला तांदूळ आणि प्रत्यक्ष पोत्यातला तांदूळ जुळतो का, ते मदतनिसासमोर मोजा. वजनकाटा बरोबर दाखवतो का, उंची मोजायची पट्टी सरळ आहे का, ते तपासा, कारण चुकीच्या काट्यावर तीव्र कुपोषित लेकरू साधारण दिसतं आणि उपचाराविना राहतं. खेळाच्या साहित्याची पेटी उघडून पाहा. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद असते, खराब होईल म्हणून. तिची किल्ली स्वतःकडे घ्या आणि साहित्य पहिल्याच आठवड्यात लेकरांच्या हाती द्या. जे कमी भरेल ते चार्ज यादीवर तारखेसह लिहा आणि पर्यवेक्षिकेची सही घेऊन एक प्रत जवळ ठेवा.