संयुक्त शैक्षणिक उपक्रमाचे बोधचिन्ह: काम सोपवण्यापूर्वी

दोन-तीन शिक्षणसंस्था, एखादे सार्वजनिक वाचनालय आणि पंचक्रोशीतील जिल्हा परिषद शाळा मिळून उपक्रम सुरू करतात, तेव्हा बोधचिन्हाची आठवण बहुधा उद्घाटनाला आठ दिवस उरल्यावर होते. सोबत प्रत्येक संस्थेचे चिन्ह येते आणि “हे सगळे एकत्र बसवा” एवढीच सूचना असते. तसे काम आम्ही शक्यतो घेत नाही, कारण चार चिन्हांच्या गोळाबेरजेतून झालेले पाचवे चिन्ह कोणालाच आपले वाटत नाही. उपक्रमाचे चिन्ह स्वतंत्र असावे आणि सहभागी संस्थांची चिन्हे त्याखाली, वेगळ्या ओळीत, अकारविल्हे यावीत. त्या ओळीत सर्वांची उंची सारखी ठेवली तर गोल मुद्रा बारकी आणि आडवी नावे थोराड दिसतात, म्हणून आम्ही प्रत्येक चिन्हाने व्यापलेली जागा सारखी धरतो.

अंतिम होकार कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावे. तीनपेक्षा अधिक नावे नसावीत. त्याच बैठकीत रंगांविषयीही मोकळेपणाने बोलावे. आपल्याकडे काही रंग पाहताच लोक पक्ष किंवा समाज ओळखू लागतात आणि ही हरकत छपाईनंतर आली तर सगळेच वाया जाते. उघडे पुस्तक, त्यातून उगवणारा सूर्य आणि शेजारी पेन ही मागणी आम्हाला दर महिन्याला येते. वाईट काहीच नाही, पण तालुक्यातील निम्म्या शाळांच्या फाटकावर तेच असते. वेरूळचे कैलास लेणेही उपक्रमाचा त्याच्याशी संबंध असेल तरच घ्यावे.

आमच्या मते चिन्हाची खरी परीक्षा रबरी शिक्क्यावर होते. एका कामात नावात ‘विद्यार्थी’ हा शब्द होता. पडद्यावर तो सुबक दिसला. पण २५ मिलिमीटरच्या शिक्क्यात ‘र्थी’वरचा रफार आणि दीर्घ वेलांटी शाईने एक झाली आणि कागदावर ‘विद्याथी’ उमटले. ती चूक आमचीच होती. शेवटी वेलांटी हाताने आखून रफारापासून दूर घेतली. तेव्हापासून प्रत्येक मसुदा आम्ही आधी काळ्या रंगात, शिक्क्याच्या आकारात छापतो आणि त्याची झेरॉक्सची झेरॉक्स काढून पाहतो. रंग त्यानंतर भरतो.

दुसरी अडचण फाइलची. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स आदल्या रात्री करायला टाकतात आणि दुकानदाराला व्हॉट्सॲपच्या डीपीवरून उचललेले चिन्ह मिळते. दहा फुटांवर त्याच्या कडा फाटतात. म्हणून आम्ही कितीही मोठी केली तरी न फाटणारी व्हेक्टर पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आणि एकरंगी प्रत अशा तिन्ही फाइल देतो. सोबतच्या मजकुरासाठी युनिकोड टंक सुचवतो. नोटो सॅन्स देवनागरीसारखा मोफत टंक शिक्षकांच्या मोबाइलवरही चालतो.

हक्कांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. उपक्रम स्वतः नोंदणीकृत नसेल, तर कागद कोणत्या संस्थेच्या नावे करायचा हे आधी ठरवावे. ट्रेडमार्क नोंदवायचा असल्यास शिक्षणसेवा ४१व्या वर्गात येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. सरकारी शाळा सहभागी आहेत म्हणून चिन्हात अशोकस्तंभाचे सिंह घालण्याचा आग्रह मात्र धरू नये. राजचिन्हाच्या वापरावर २००५च्या कायद्याने निर्बंध आहेत.

शाळेच्या भिंतीवर चिन्ह रंगवायचे असल्यास पेंटरसाठी चौकटींवर आखलेला कागद आम्ही वेगळा देतो. त्यावर प्रत्येक रेघेची जाडी चौकटींतच मोजलेली असते, म्हणजे भिंत पाच फुटांची असो वा पंधरा, पेंटरला चौकटी मोजूनच आखता येते.